पत्र्याखालचा हिरवा रंग

१

परतवाड्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात बाभळीखाली ती हिरवी जीप एका कुशीवर पडून होती, आणि तिच्या पोटाशी उकिडवी बसलेली हर्षा मनातल्या मनात शिव्या देत होती.

हर्षाला चीड यायला फार काही लागत नसे. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायच्या, हे तिचं काम. आणि प्रत्येक मोडक्या गाडीभोवती तिला खोटं बोलणारी धडधाकट माणसं भेटत. पण आजची चीड वेगळी होती. दिवाळीच्या सुट्टीत चिखलदऱ्याच्या घाटात ही जीप वळणावर न वळता सरळ डावीकडे दरीत गेली होती. मागे बसलेले दोन पर्यटक हाडं मोडून वाचले. चालक श्याम पाय मोडून वाचला. पुढे डाव्या बाजूला बसलेली आचल, पर्यटकांना जंगल दाखवणारी कोवळ्या वयाची गाइड, जागीच गेली. श्यामवर बेदरकारपणे गाडी हाकल्याचा गुन्हा दाखल झाला. इस्पितळात त्याच्या खोलीच्या दाराशी शिपाई बसला. पाय जरा सावरला की थेट कोठडी. सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं. कंपनीच्या साहेबांनी तर फोनवर सांगूनच टाकलं होतं, "दोन फोटो काढा, चालकाची चूक लिहा आणि मोकळ्या व्हा."

"लिहून राहिल्या का, बाई?"

हर्षाने मान वर केली. समोर पदर कमरेला खोचलेली एक बाई उभी होती. आचलची आई, मैनाबाई. परतवाड्याच्या बाजारात भाजी विकायची. पोरगी गेल्यापासून दुकान लावलं नव्हतं. रोज येऊन ठाण्याच्या पायरीवर बसत होती.

"लिहा मंग. श्यामनं मारली माही पोरगी. माह्या घरी जेवून गेलता तो, बहीन म्हनत होता तिले. त्याले फासावर टांगा, असं लिहा."

"मी फाशी लिहीत नाही. मी गाडी लिहिते."

"गाडी काय बोलते?"

"बोलते. तुम्ही जरा गप्प राहिलात तर ऐकू येईल."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण मैनाबाई गप्प झाली आणि हर्षाने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

जीपच्या पोटाखाली दोन लांब लोखंडी तुळया असतात. मिस्त्री त्यांना चेसी म्हणतात. सगळी गाडी त्यांच्यावर उभी असते, आणि चाकांवरचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यांनाच कडीने टांगलेले असतात. या जीपची डावीकडची पुढची कडी उपसून निघाली होती, तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा सोबत घेऊन. पोलिसांचं म्हणणं होतं, दरीत आपटल्यावर ती तुटली. हर्षाने तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ताजं लोखंड तुटलं की चारदोन दिवसांत त्यावर पिवळसर पूड धरते. इथे तसली पूड जेमतेम नखाएवढ्या जागेत होती. बाकी सगळी कड काळपट होती, जुन्या गंजाचे पापुद्रे सुटलेली. म्हणजे कडी आधी निघाली, गाडी मग पडली. चाकच जागेवर राहिलं नाही, तर कोणता चालक गाडी वळवणार?

तिने तुळईला स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो भिजल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. उजव्या तुळईला टोचला, तर टण्ण आवाज करून परत आला.

एक तुळई ठणठणीत, दुसरी कुजलेली. एकाच गाडीची, एकाच रस्त्यावरची, एकाच पावसात भिजलेली.

आणि कुजलेल्या जागेवर कोणीतरी पातळ पत्रा चिकटवला होता. कोपऱ्यांवर वेल्डिंगचे चार ठिपके, कडेने पुट्टी आणि वरून सगळ्यावर जाड काळा रंग. अपघातात पत्र्याची एक बाजू उचकटली होती. हर्षाने टॉर्च मारला. पत्र्यामागे तुळईवर जीपचाच हिरवा रंग दिसत होता, आणि त्यावर बोटाच्या टोकाएवढा लाल ठिपका. गंज, ती मनाशी म्हणाली, आणि फोटो घेतला. मग तुळईच्या पोकळीत बोट घातलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

तिने ते बोट जिभेला लावलं.

खारट होतं. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात फिरणाऱ्या गाडीच्या हाडांत मीठ भरलं होतं.

२

जीपचे मालक खुशालराव अमरावतीत बसत. बसस्टँडपासून जवळच त्यांचं सहलींचं ऑफिस होतं. भिंतीवर वाघांचे फोटो, मागच्या अंगणात आणखी दोन जीपा. दुपारच्या उकाड्यातही त्यांनी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली होती, खांद्यावर शाल होती. तोंड मात्र मोकळं होतं.

"मले काय इचारता? त्या अकोल्याच्या वामनरावाले इचारा. उन्हाळ्यात घेतली त्याच्याकडून. सडकी गाडी माह्या गळ्यात बांधली बुढ्यानं, वरतून पत्रा चोपडून!"

"पत्रा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ठाण्यात पाह्यला ना काल! मी काय आंधळा आहे? अन् तो श्याम! त्याले म्हनलं होतं, घाटात गाडी उडवत जाऊ नको. दोघायनी मिळून मले बुडवलं."

"एक मुलगी मेली आहे, खुशालराव. बुडाली ती."

"मले शिकवता तुमी?" ते अर्धवट उठले, टेबलाला धरून पुन्हा बसले.

"बाबा, आवाज नका चढवू." आतून त्यांचा मुलगा चंदन पाण्याचा पेला घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. "मॅडम, सॉरी. आचल गेल्यापासून बाबांना झोप नाही. तुम्ही चहा घ्याल ना? वामनरावांचा पत्ता मी लिहून देतो."

बापाचा संताप पाहिल्यावर मुलाचा मऊपणा हर्षाला बरा वाटला. "ही जीप हिरवी कधी झाली?" तिने विचारलं.

"घेतली तेव्हा पांढरी होती," चंदन म्हणाला. "जंगलात पांढरी चालत नाही. उन्हाळ्यातच योगेश मिस्त्रीकडे हिरवी करून घेतली. खालून वरून, सगळी."

"योगेशनंच पाह्यलं पाह्यजे होतं मंग," खुशालराव गुरगुरले. "सगळे चोर!"

हर्षा चहा न घेता उठली. हा माणूस दोषी असावा, असं तिला मनापासून वाटत होतं, आणि आपल्याला असं वाटतंय याचा तिला पत्ताही नव्हता.

३

वामनराव अकोल्याच्या पुढे, पूर्णेच्या बाजूच्या एका गावात राहत. हर्षा स्वतः मूळची अकोल्याची. या पट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी वामनरावांनी समोर पेला ठेवला तेव्हा तिची मान नकळत मागे गेली.

म्हातारा हसला. "घ्या, घ्या. नळाचं आहे. बोअरचं पाहुन्याले देत नसतो आमी. शत्रू आला तं देतो."

हसरा, खानदानी शेतकरी. कपाशी, तूर, हरभरा, काळी भरघोस जमीन. जीपचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला.

"गाडी नव्हती बाई ती, घोडी होती. बायको म्हने, माह्यावर इतका जीव नाही लावला कधी. उन्हात एक दिवस नाही ठेवली. आपल्याकडचं ऊन म्हनजे रंग उलून जाते. या, जागा दाखवतो."

घराच्या बाजूला भिंतीला लागून पत्र्याची पडवी होती. भिंतीत मोठा लोखंडी कुलर बसवलेला. हिवाळा तोंडावर आल्याने आता बंद, गवताच्या ताट्या वाळून खडखडीत. हर्षा बघतच राहिली. ताट्यांवर पांढरी साय धरली होती. कुलरच्या तळाशी पांढरे थर. तिथून भिंतीवर खाली ओघळत गेलेला पांढरा पट्टा, आणि जमिनीवर हातभर रुंद जागेत गवताची काडी नव्हती.

"गाडी इथे उभी असायची?"

"हो. इथंच सावली. अन् कुलरचा गारवा. डोकं भिंतीकडं, पुढचं डावं अंग कुलरखाली. म्हनलं, आपन गारव्यात झोपतो, तिनं काहून तापाव?"

"कुलरला पाणी कोणतं?"

"बोअरचं. पिन्याचं पानी कुलरमंदी कोन टाकते?"

"आणि ते गळायचं."

"थोडं गळतेच की. कुलरचा पत्रा तं दर दोन उन्हाळ्यानं बदलाव लागते, खाऊन टाकते हे पानी..." आणि वामनराव थांबले. कुलरकडे पाहिलं. मोकळ्या जागेकडे पाहिलं. तोंडावरचं हसू हळूहळू ओसरलं.

हर्षाचा पारा चढला होता. "तुमच्या डोळ्यांदेखत हे पाणी दर दोन वर्षांनी एक कुलर खात होतं, आन् तुमी त्याच पान्याखाली गाडी ठेवली? वरून नाही सडली ती, आतून सडली. तुळईच्या पोकळीत मीठ बसत गेलं. एका अंगाने पार पोखरली!" चिडली की तिच्या तोंडातून शाळेतली भाषा गळून पडे.

"मले वाटलं, मी तिले जपून राहिलो," म्हातारा पुटपुटला. खाली ओट्यावर बसला. "म्हनजे ते पोरगी... माह्यामुळं गेली?"

हर्षाने मोबाईल पुढे केला. तिच्या आवाजात अजून धार होती. "हा पत्रा तुम्ही लावलात?"

"कोनता पत्रा?" त्यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. "हे माही गाडी नाही. माही सायीसारखी पांढरी होती. हिरवी मी पाह्यलीच नाही कधी."

हर्षाने फोटो मोठा केला. पत्र्याच्या मागे, पत्र्याच्या खाली, हिरवा रंग होता. आधी रंग, मग पत्रा. आणि हिरवा रंग अमरावतीत लागला होता.

"उठा काका," ती म्हणाली, आता जरा खालच्या आवाजात. "गंज तुमच्याकडचा आहे. पण तो गंज पाहून कोणीतरी त्यावर झाकण घातलं. मला तो माणूस पाहिजे."

४

श्यामच्या खोलीबाहेरचा शिपाई तिला आत सोडायला तयार नव्हता. हर्षाने त्याला असं काही सुनावलं की तो स्टूल घेऊन जरा लांबच सरकला.

श्यामचा एक पाय वर टांगलेला, कपाळाला टाके. त्याने हर्षाकडे पाहिलंही नाही.

"लिहून टाका काय लिहायचं ते. आचलताईची माय इथं येऊन थुंकून गेली माह्यावर. आता काय उरलं?"

"गाडी आधी कधी डावीकडे ओढत होती?"

श्यामची मान झटकन वळली. "तुमाले कसं माहीत?"

"मी विचारते, तू सांग."

"दसऱ्यापासून. दसऱ्याले आमी सगळ्या गाड्या धुतो ना, पूजेले. बाकीचे पोरं बोनटले हार घालते, कुंकू लावते, झालं. मी खाली जाऊन पाट्याच्या कडीजवळ लावतो, तेलात कालवून. भार तं तेच झेलते, मंग मान बोनटले काहून? आचलताई हसत होती मले. म्हने, अरे, देवाले तरी तोंडावर लाव, ढुंगनाले काय लावते!" त्याने टांगलेल्या पायाकडे पाहिलं. "लावून निंगालो अन् वर पाह्यलं तं बारीक चीर दिसली. दुसऱ्या दिवशी घाटात गाडी ओढाले लागली. ऑफिसात सांगतलं मी."

"कोणाला?"

"चंदनभाऊले. ते म्हने, बाबाले सांगतो. मंग मले दोन दिवस दुसरी गाडी देली, अकोल्याच्या स्टेशनावरून पाहुने आनाले. परत आलो तं म्हने, झाली दुरुस्त. खाली पाह्यलं, काळा रंग मारेल होता. मले वाटलं, झालीच." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "मीच हात लावून पाहाले पाह्यजे होतं."

तिथून हर्षा थेट योगेश मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. योगेश एका गाडीचा दरवाजा घासत होता. हिरवी जीप म्हणताच त्याने मान हलवली. "उन्हाळ्यात रंगवली, मॅडम. त्याच्यानंतर पाह्यलीच नाही."

"खरं?"

"आईच्यान."

हर्षाने पिशवीतून एक फोटो काढला. ठाण्याच्या परवानगीने पत्र्याची मोकळी बाजू आरशात धरून तिने मागच्या अंगाचा फोटो घेतला होता. पत्रा मागून निळा होता, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांचे अर्धे तुकडे. योगेशच्या डोक्यावर नवी पाटी होती, लाल. गॅरेजच्या कोपऱ्यात जुनी पाटी भिंतीला टेकून उभी होती. निळी, पांढऱ्या अक्षरांची, आणि तिचा एक कोपरा कापून नेलेला.

"दुकानाच्या पाटीचा पत्रा!" हर्षा कडाडली. शेजारच्या टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. "ज्यावर चार माणसांचा जीव टांगलेला, त्याले तू पाटीचा पत्रा लावला? तुह्या आईची शपथ घेतली वरून! लाज नाही वाटली?"

योगेशने हातातला घासकागद खाली टाकला. "म्या म्हनलं होतं चेसी बदला. शेठच्या नंबरवरून मेसेज आला, दिवाळीचं बुकिंग आहे, गाडी उभी ठेवता येत नाही, दिसाले नीट कर, बाकी सीझन गेल्यावर पाहू. मोठ्या शेठचा नंबर होता, मॅडम. त्यायले नाही कसं म्हनाव? माहं अर्धं काम त्यायच्याकडून येते."

"कधी?"

योगेश क्षणभर अडखळला. "पोळ्याच्या आसपास. मेसेज पुसला म्या, आता नाही राह्यला."

पोळा दसऱ्याच्या कितीतरी आधी. श्याम म्हणतो दसऱ्यानंतर. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता.

५

चंदन स्वतःहून भेटायला आला. अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या चहाच्या दुकानात तो बराच वेळ कप नुसता फिरवत राहिला.

"मॅडम, योगेशने तुम्हाला सांगितलं असेल. मी मुलगा आहे त्यांचा, मी कसं बोलू? पण आचल गेलीय." त्याने डोळे पुसले. "पोळ्याच्या सुमारास श्यामने मला चीर दाखवली. मी बाबांना सांगितलं, गाडी बंद ठेवू. ते ओरडले माझ्यावर. त्यांचा स्वभाव तुम्ही पाहिलात. म्हणाले, योगेशकडून लिंपून घेतो, तू धंद्यात लुडबुडू नकोस."

"श्याम म्हणतो दसऱ्यानंतर."

"त्याच्या डोक्याला मार आहे, मॅडम. बिचारा. शिवाय दसऱ्यानंतर म्हटलं की त्याने गाडी कमी दिवस चालवली असं होतं. पोळ्यापासून माहीत असून चालवत राहिला, हे त्याला जड जाईल ना?"

सगळं जुळत होतं. तो उर्मट म्हातारा, त्याचा नंबर, त्याचा मेसेज. हर्षा घरी आली आणि रागाच्या भरातच अहवाल लिहायला बसली. खुशालरावांचं नाव लिहिताना तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आणि तिथेच तिचा हात थांबला.

इतकं बरं का वाटावं?

योगेशला मोठ्या शेठची भीती, म्हणून त्याने मोठ्या शेठचं नाव घेतलं; ठीक. पण भीती होती तर तारीख सांगताना तो का अडखळला? आणि चंदनच्या तोंडीही नेमका पोळाच का? पत्रा पोळ्याला लावला काय, दसऱ्यानंतर लावला काय, खुशालराव दोषी असतील तर दोन्हीकडे सारखेच दोषी. मग दोन माणसं एकाच सणाला एवढी घट्ट का धरून बसली होती?

तिने श्यामचं बोलणं पुन्हा आठवलं. ओळीने, शब्दाने. मग मोबाईल उचलला, ठाण्यात काढलेला पहिला फोटो उघडला, आणि ताडकन उभी राहिली.

सकाळी परतवाड्याला पोचताच तिने ठाणेदारांना हात धरून बाहेर आणलं. मैनाबाई पायरीवरच होती, तिलाही उठवलं. सगळ्यांसमोर वेल्डिंगचे ठिपके कापून पत्रा अलगद काढला. हिरव्या रंगावर, कडी निघालेल्या जागेच्या अगदी जवळ, तो लाल ठिपका होता. गंज तपकिरी असतो आणि खरबरीत. हा ठिपका लालभडक होता, तेलकट, आणि त्याच्या शेजारी पिवळं बोट ओढलेलं होतं.

मैनाबाईने वाकून पाहिलं. "हे तं हळद-कुंकू आहे."

"हो. या गाडीला कुंकू कडीपाशी फक्त एक माणूस लावतो, आणि तो दसऱ्याला लावतो," हर्षा म्हणाली. "उन्हाळ्यात हिरवा रंग लागला. त्यानंतर दसरा एकच आला, यंदाचा. रंगावर कुंकू, कुंकवावर पत्रा. पोळ्याला पत्रा लागला असता तर कुंकू पत्र्याच्या वर असतं, खाली नाही. श्याम खरं बोलतोय. बाकीचे दोघे ठरवून खोटं बोललेत."

मैनाबाई तिथेच उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

६

खुशालराव घरीच होते, झोपाळ्यावर. हर्षाला पाहताच त्यांच्या कपाळाच्या शिरा ताठरल्या.

"आता काय राह्यलं? मलेच चोर ठरवाले आल्या ना?"

"कालपर्यंत तेच ठरवलं होतं," हर्षा म्हणाली. "आज एकच विचारायचंय. दसऱ्याला तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग शाल बाजूला केली आणि सदऱ्याची वरची बटणं सोडली. गळ्याखालपासून छातीच्या मधोमध लांब, अजून लालसर असलेली शिवण उतरत गेली होती.

"नागपूरले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेबलावर घेतलं मले. दिवाळीले घरी आनलं. लोकायले सांगतलं नाही आमी. धंद्यात कळलं की मालक आडवा झाला, तं पार्ट्या दुसरीकडं जाते."

"फोन कुठे होता तुमचा?"

"डॉक्टर अन् बायको, दोघायनी हिसकून घेतला. धंद्याचं टेन्शन नको म्हने. फोन..." ते थांबले.

आतल्या दारात चंदन उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

हर्षाने त्याच्याकडे पाहूनच सांगायला सुरुवात केली. आवाज चढवायची गरज पडली नाही. राग आता तिच्या शब्दांत सरळ उभा होता. "दसऱ्यानंतर श्यामने चीर दाखवली ती तुम्हाला. बाबांना सांगतो म्हणालात, पण बाबा अतिदक्षता विभागात होते. त्यांचा फोन तुमच्या खिशात होता. योगेश तुमचं ऐकून पत्रा लावणार नाही, पण मोठ्या शेठचं ऐकेल, म्हणून मेसेज त्यांच्या नंबरवरून गेला. श्यामला मुद्दाम अकोल्याला पाठवलंत. आचल गेल्यावर फक्त एक गोष्ट तुमच्या आड येत होती. दसऱ्यानंतर असं कबूल केलं, की दोष बाबांवर जाऊ शकत नव्हता. म्हणून योगेशला पढवून पत्रा पोळ्याला नेलात. पोळ्याला बाबा ठणठणीत होते ना!"

"श्यामनेच लावून घेतला असेल पत्रा," चंदन म्हणाला. पण आवाजातला मऊपणा गळून गेला होता.

"योगेशला सकाळीच ठाण्यात बोलावून पत्र्याखालचं कुंकू दाखवलं. तो सगळं बोलला आहे."



"बाबा," चंदन पुढे आला, "तुमच्यासाठीच केलं मी. दिवाळीचा सगळा सीझन भरलेला होता. गाडी उभी राहिली असती तर तुम्ही दवाखान्यातून उठून आला असता. टाके तुटले असते. एवढे पंधरा दिवस निघाले असते तर चेसी बदलणारच होतो. मला काय माहीत..."

"तुले माहीत होतं," खुशालराव म्हणाले. "माहीत होतं म्हनून तं झाकलं." ते उठले. झोपाळा मागे गेला आणि त्यांच्या पोटरीला लागून थांबला. "अन् मंग मलेच त्याच्यात घातलं? फाटल्या छातीच्या बापाले? मी रोज ऑफिसात बसून त्या बुढ्याले शिव्या देत होतो, त्या पोराले शिव्या देत होतो, अन् तू मले पानी आनून देत होता!"

"तुमच्यावर कोणी केस केली नसती, बाबा. तुमची तब्येत पाहून..."

खुशालरावांचा हात उठला. मुलाच्या गालापर्यंत पोचायच्या आत तो त्यांनी स्वतःच खाली घेतला. छातीवर दाबून धरला. हर्षा धावली, तसं त्यांनी तिला मानेनेच थांबवलं.

"फोन दे माहा," ते म्हणाले.

चंदन हलला नाही. हर्षाने स्वतःचा फोन पुढे केला. खुशालरावांनी ठाण्याचा नंबर तिच्याकडूनच लावून घेतला. ठाणेदार लाइनवर आले.

"मी खुशालराव बोलून राहिलो. जीपवाला. हिरव्या जीपचा. ज्यानं पत्रा लावाले सांगतलं तो माणूस माह्या घरात आहे. या अन् घेऊन जा." पलीकडून काही विचारलं गेलं. "पळत नाही. दारात मी उभा आहे." पुन्हा प्रश्न आला. हर्षाला तो स्पष्ट ऐकू आला. आरोपीचं पूर्ण नाव काय?

"लिहा," खुशालराव म्हणाले. "चंदन."

ठाणेदार थांबले होते. दाराला टेकलेला चंदन बापाकडे बघत होता, लहान पोराने बघावं तसा.

"लिहा ना," म्हातारा फोनवर ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरला. "बापाचं नाव, खुशालराव. अन् त्या श्यामच्या दारातला तुमचा शिपाई उठवा. आत्ताच्या आत्ता. तो उठला असं तुमी सांगेपर्यंत मी हा फोन ठेवत नाही."